पातळ पोळ्याचा हिशोब

न्याहारीला अंडे हवे, पण पोट जड व्हायला नको, असे ठरवणारा माणूस सहसा वजाबाकीला लागतो. आधी बलक जातो, मग तेल जाते, मग पाव जातो. उरतो तो पांढऱ्याचा चिवट तुकडा आणि त्यावर मिरपूड भुरभुरून घातलेली मनाची समजूत. आठवडाभरात हा बेत बारगळतो आणि गाडी पुन्हा कांदेपोह्यांवर येते. या पुस्तिकेचा विषय असलेला अंड्याचा पातळ पोळा मात्र वजाबाकीचा पदार्थ नाही. हॉटेलच्या मेनूकार्डावर त्याला एग क्रेप म्हणतात आणि त्यात भाजी भरून गुंडाळी केली की त्याचाच एग रॅप होतो. त्यात अंडे अख्खे असते, बलकासकट. तेल असते, थोडे. पीठही असते, चमचाभर. तरी तो हलका लागतो, कारण त्याचा हलकेपणा थराच्या जाडीवर आणि त्याला लागलेल्या आचेवर ठरतो. काय काय गाळले यावर ठरत नाही. पुढच्या सगळ्या कृती या एका विधानावर उभ्या आहेत, तेव्हा ते विधान आधी तपासून घेतलेले बरे.

गुंडाळता येईल असे पातळ आवरण जगभर दोन रीतींनी करतात. पहिल्या रीतीत आवरण पिठाचे असते आणि अंडे त्याला हातभार लावते. फ्रेंच क्रेप या घराण्यातला. पाव किलो मैदा, अर्धा लिटर दूध आणि तीन-चार अंडी हे त्याचे रूढ प्रमाण. ब्रिटनी प्रांतातली गालेत कुट्टूच्या पिठाची, अंडे तिच्यावर वरून फोडतात. उत्तर चीनमधल्या ज्यानबिंगमध्ये पिठाच्या धिरड्यावर अंडे फोडून पसरतात, तर कोलकात्याच्या एग रोलमध्ये ते पराठ्याला चिकटवून घेतात. गूळखोबऱ्याचे सारण भरलेले गोव्यातले आले-बेले, तेही मैदा, दूध आणि अंडे यांचेच. दुसऱ्या रीतीत हे नाते उलटते: आवरण अंड्याचे आणि पीठ नावापुरते. जपानी उसुयाकी तामागो हा तिचा सर्वांत नेटका नमुना. थोडा स्टार्च पाण्यात कालवून अंड्यात मिसळायचा, मिश्रण गाळून घ्यायचे आणि रंग चढू न देता पापुद्रा उतरवायचा. याच पापुद्र्यात सुशीचा भात बांधला की चाकिन-झुशी होते. थायलंडमधल्या खाय यात सायमध्ये परतलेला खिमा पोळ्याच्या मधोमध ठेवून चौकोनी घडी घालतात. मलेशियातल्या नासी गोरेंग पत्तायामध्ये परतलेला भात अंड्याच्या पातळ पोळ्यात लपेटतात. ही पुस्तिका या दुसऱ्या घराण्याची आहे, कारण न्याहारीच्या दृष्टीने तिथेच खरा फरक पडतो: जे अंडे एरवी पोळीच्या पोटात जाते, तेच इथे पोळी होते आणि पोट भाजीसाठी मोकळे राहते.

आता जाडीचा हिशोब मांडू. आपल्याकडच्या मध्यम अंड्यातून कवच वगळता साधारण 45 ग्रॅम ऐवज मिळतो. दोन अंड्यांत दोन मोठे चमचे, म्हणजे 30 मिलिलिटर, दूध किंवा पाणी घातले की सुमारे 120 मिलिलिटर मिश्रण होते. त्यातले निम्मे 22 सेंटिमीटर व्यासाच्या बुडावर पसरले, तर थर दीड मिलिमीटरहून किंचित जाड होतो. घरच्या नेहमीच्या ऑम्लेटमध्ये दोन अंडी 18 सेंटिमीटरच्या वर्तुळात मावतात आणि जाडी साडेतीन मिलिमीटरच्या घरात जाते, कांदा-टोमॅटो वेगळाच. जाडी दुपटीहून थोडी जास्त, एवढाच हा फरक दिसतो. पण उष्णतेला थराच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पोचायला लागणारा वेळ जाडीच्या प्रमाणात वाढत नाही, जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे दुपटीहून थोड्या जास्त जाडीला वेळ जवळजवळ पाचपट लागतो. एवढा वेळ खालची बाजू तापल्या तव्याला टेकलेली राहते. ती तांबूस होते, कडक होते, चिकटू नये म्हणून जास्त तेल मागते, आणि वरचा भाग मात्र ओलाच असतो, म्हणून उलटावे लागते. पातळ थर उलटण्याची गरज पडण्याआधीच वरपर्यंत शिजलेला असतो.

वेळेला इतके महत्त्व का, हे अंड्याच्या स्वभावात आहे. पांढरा भाग साधारण 62 अंश सेल्सिअसला धरू लागतो आणि बलक 65 ते 70 अंशांच्या दरम्यान घट्ट होतो. पांढऱ्यातले मुख्य प्रथिन मात्र 80 अंशांच्या पुढे आवळते. प्रथिनांचे धागे एकमेकांत गुंतून पाणी धरून ठेवतात तोवर अंडे मऊ असते. आच वाढत गेली की हेच धागे आवळत जातात आणि धरलेले पाणी पिळून बाहेर टाकतात. करपलेल्या ऑम्लेटभोवती बशीत जमणारे पाणी ते हेच. दूध किंवा पाणी घातल्याने प्रथिने विरळ होतात आणि आवळायला वेळ लागतो. चमचाभर कॉर्नफ्लोअर किंवा तांदळाची पिठी घातली की स्टार्चचे कण फुगून पाणी शोषतात आणि प्रथिनांना एकमेकांवर फार घट्ट बसू देत नाहीत. म्हणून पोळा दुमडला तरी चिरत नाही. वर सांगितलेल्या जपानी कृतीतला स्टार्च चवीसाठी नाही, तो या कामासाठी आहे. मैदाही चालतो, पण त्याच्या गुठळ्या लवकर मोडत नाहीत आणि पोळा थोडा जाडसर होतो. पीठ आधी दुधात कालवून मगच अंड्यात घालावे; उलट केले की गुठळ्या ठरलेल्याच.

प्रत्यक्ष तव्यावर काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. फेटताना फेस आणायचा नाही. काट्याने, वाटीचा तळ न सोडता, बलक आणि पांढरा एकजीव होईपर्यंत फिरवायचे. फुगीर ऑम्लेटला जो फेस हवासा वाटतो तोच इथे शत्रू, कारण प्रत्येक बुडबुड्याच्या जागी पोळ्याला भोक पडते आणि पोळा तिथूनच फाटतो. मग मिश्रण चहाच्या गाळणीतून गाळायचे. गाळणीत पांढऱ्याचे दोन-तीन चिकट दोर अडकतात. ते तव्यावर गेले असते तर आधी शिजून त्या जागी जाड रेघ उमटली असती. मीठ आधीच घालून दहा मिनिटे ठेवले की मिश्रण सैल आणि एकसारखे होते, वरचा फेसही बसतो. तवा मंद ते मध्यम आचेवर तापवून त्यावर तेल कापडाच्या बोळ्याने पुसून घ्यायचे, ओतायचे नाही. मिश्रणाचा एक थेंब टाकून पाहायचा. तो चर्रकन उडाला तर तवा फार तापलाय, ओघळत राहिला तर थंड आहे, आणि आवाज न करता जागच्या जागी पांढुरका झाला तर वेळ झाली. डाव भरून मिश्रण मधोमध घालून तवा लगेच हातात उचलून फिरवायचा. मिनिटभरात कडा स्वतःहून सुटतात आणि वरची चमक विझत जाते. ती पूर्ण विझली की पोळा शिजला. ज्याला शंका असेल त्याने दहा सेकंद उलटावा, अधिक नाही.

मराठी घरांत, त्यातही कोकणात, पातळ पसरण्याचा हात तयारच असतो, कारण घावन आणि आंबोळी तिथे रोजच्या आहेत. पण हा तयार हात अंड्याच्या बाबतीत आचेला चुकतो, हे सांगून ठेवायला हवे. घावनाला तवा कडक तापलेला लागतो. पाणीदार पीठ पडताक्षणी वाफ उसळली पाहिजे, तरच जाळी पडते. वर झाकण ठेवायचे ते ती वाफ कोंडण्यासाठी. अंड्याला जाळी नको आहे आणि वाफेचा उसळा तर मुळीच नको. घावनाच्या आचेवर टाकलेला अंड्याचा पोळा फोड येऊन वर उचलला जातो आणि खालून जागोजागी करपतो. शिवाय घावन तव्याच्या कडेकडून मध्याकडे ओततात, अंडे मध्यातून कडेकडे फिरवतात. चांगला मुरलेला बिडाचा तवा दोन्ही कामांना चालतो. नॉनस्टिक असेल तर तो रिकामा फार तापू देऊ नये एवढेच, आणि या कृतीत तशी वेळ येतच नाही.

भरायच्या भाजीबद्दल नियम एकच आहे: तिला पाणी सुटता कामा नये. पोळा दीड मिलिमीटरचा आहे, त्याच्या पोटात रसदार काही गेले की पाच मिनिटांत तो भिजून तळाशी फाटतो. परतलेली कोबी, कोरडी मटकीची उसळ, लसूण घालून आटवलेला पालक, बटाट्याची सुकी भाजी, कुस्करलेले पनीर हे सगळे चालते. काकडी-गाजर किसून घालायचे तर मीठ लावून पिळून घ्यावे. टोमॅटोचा गर काढून फक्त बाहेरचा भाग घ्यावा. चटणी पोळ्याला न लावता भाजीत कालवावी. सुक्या खोबऱ्याची लसूणचटणी मात्र सरळ पोळ्यावर भुरभुरावी, कारण ती उलट ओलावा टिपून घेते. एका पोळ्यात 50-60 ग्रॅम भाजी आरामात बसते. एका अंड्याचे ऑम्लेट एवढी भाजी धरूच शकत नाही, ते मोडते. थर पसरल्याचा हा सरळ फायदा आहे, आणि ज्या घरात मुले भाजीला नाक मुरडतात तिथे त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता आक्षेप. पहिला सर्वांत धारदार आहे: चपातीत गुंडाळलेल्या ऑम्लेटमधून चपाती काढून टाकली की पदार्थ हलका होणारच, मग जाडीचे एवढे कौतुक कशाला? आक्षेपात तथ्य आहे. 30 ग्रॅम कणकेच्या चपातीत 100 च्या आसपास कॅलरी असतात, चमचाभर तेलात 45. एका अंड्याचा पोळा दूध, कॉर्नफ्लोअर आणि पुसलेल्या तेलासकट 80-85 कॅलरींत बसतो; तेच अंडे चमचाभर तेलात करून चपातीत घातले की बेरीज 200 च्या वर जाते. पण चपाती काढता आली ती आवरणाचे काम करायला दुसरे कोणी तयार होते म्हणूनच, आणि जाड ऑम्लेट ते काम करू शकत नाही. ते दुमडले की मधोमध चिरते. तेल पुसण्यावर भागले तेही थर पातळ होता म्हणून. दोन अंड्यांतल्या कॅलरी जाड केल्या काय आणि पातळ केल्या काय, तेवढ्याच राहतात, याबद्दल वाद नाही. त्या अंड्यांना सोबत काय काय लागते ते जाडीवर ठरते, आणि न्याहारीचा जडपणा बहुतेक वेळा त्या सोबतीत असतो.

दुसरा आक्षेप बलकाचा. हलके खायचे तर पांढरेच घ्यावे, हा समज व्यायामशाळांतून घरांत आला आणि मुक्कामाला राहिला. पोळ्याच्या दृष्टीने हा सल्ला सरळसरळ वाईट आहे. बलकातली स्निग्धता आणि लेसिथिन यांच्यामुळे पोळा लवचिक होतो. नुसत्या पांढऱ्याचा पोळा ताणला की तुटतो आणि थंड झाला की चिवट होतो. पोषणाच्या दृष्टीनेही अंड्यातली चाळीसेक टक्के प्रथिने बलकात असतात, आणि अ व ड जीवनसत्त्वे तर जवळजवळ सगळी तिथेच. प्रश्न कोलेस्टेरॉलचा. एका बलकात ते पावणेदोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. अमेरिकेच्या 2015 ते 2020 या काळासाठीच्या आहार मार्गदर्शिकेने रोजच्या 300 मिलिग्रॅमची जुनी मर्यादा काढून टाकली, कारण अन्नातले कोलेस्टेरॉल आणि रक्तातले कोलेस्टेरॉल यांचे नाते पूर्वी वाटले होते तितके थेट नाही. याचा अर्थ हवी तेवढी अंडी खावीत असा नाही; आहारातले कोलेस्टेरॉल कमीच ठेवा, असे त्याच मार्गदर्शिकेत म्हटले आहे. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांचा शब्द या पुस्तिकेच्या वर मानावा. निरोगी माणसाला मात्र एका अंड्याच्या पोळ्यातून बलक काढून काही मिळत नाही, पोळा तेवढा हातचा जातो.

तिसरा आक्षेप असा की याने पोट भरत नाही. एका पोळ्यात साडेपाच-सहा ग्रॅम प्रथिने आहेत, तंतू शून्य. तंतू भाजीतून यावे लागतात, म्हणून भाजीशिवायचा किंवा नुसत्या चीजचा रॅप या पुस्तिकेत नाही. बैठे काम करणाऱ्याला दोन पोळे आणि एखादे फळ दुपारच्या जेवणापर्यंत पुरते. शेतावर जाणाऱ्याला, वाढत्या वयाच्या मुलाला, सकाळी खेळून आलेल्याला ते पुरणार नाही, आणि त्यांना पुरवायचा अट्टहासही नको. त्यांच्या ताटात शेजारी भाकरी किंवा चपाती खुशाल वाढावी. हलकी न्याहारी हा सगळ्यांसाठी सारखाच गुण नसतो.

उरलेल्या तक्रारी स्वयंपाकघरातल्या आहेत. सकाळी वेळ कुठे आहे? एका पोळ्याला दोन मिनिटे धरली तरी चौघांच्या आठ पोळ्यांना पंधरा-सोळा मिनिटे जातात, ही गोष्ट खरी. म्हणून मिश्रण रात्रीच फेटून, गाळून, झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि रात्रीची सुकी भाजी मुद्दाम वाटीभर जास्त करावी. मग सकाळी फक्त तवा उरतो. घरभर वास सुटतो, ही दुसरी तक्रार. अंड्याचा उग्र वास मुख्यतः जास्त शिजलेल्या पांढऱ्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा असतो. कमी आच आणि कमी वेळ यांनी तो पुष्कळ उतरतो, पूर्ण जात नाही. डब्याच्या बाबतीत मात्र माघार घ्यावी लागते. गरम पोळा डब्यात कोंडला की घामेजतो, आणि मुंबईच्या उकाड्यात अंडे चार तास डब्यात ठेवणे शहाणपणाचे नाही. हा तव्यावरून ताटात येणारा घरचाच पदार्थ आहे, त्याला तसाच राहू द्यावा.

शेवटचा आक्षेप रुचीचा: आपल्याला ऑम्लेट-पाव असताना परदेशी थेर कशाला? एक तर आवरणात अंडे आणण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. मुंबईची फ्रँकी 1969 पासून अंड्याचा हात फिरवलेल्या रोटीतच गुंडाळली जाते, आणि कोकणातला अंड्याचा पोळा तर घरोघरचा. दुसरे असे की अंड्याच्या बाबतीत आपली कमतरता रुचीची नाही, प्रकारांची आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीने 1982 पासून रोज अंडे खाण्याचा प्रचार केला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस वर्षाला माणशी 180 अंड्यांची आहे, तर देशातली उपलब्धता अजून शंभराच्या आसपास घुटमळते. किंमत, मिळकत, श्रद्धा अशी याची अनेक कारणे आहेत आणि एखादी कृती त्यांवर उतारा ठरत नाही. पण जी घरे अंडे आणतात तिथेही उकडलेले, ऑम्लेट, भुर्जी आणि रस्सा इथेच गाडी थांबते. त्या चारांत पाचव्याची भर पडली, तर आधीच्या चारांचे काही बिघडत नाही.

पुस्तिकेची मांडणी या युक्तिवादाच्या क्रमानेच आहे. आधी साधा पोळा, मग पिठांचे पर्याय, मग भाज्या त्यांच्या ओलाव्याच्या चढत्या क्रमाने, आणि शेवटी उरलेल्या पोळ्यांचे काप करून भातावर किंवा सूपमध्ये घालण्याच्या रीती. वाचणाऱ्याने मात्र त्याआधी एक पडताळा घ्यावा. एका सकाळी दोन अंड्यांचे मिश्रण एकाच जाड थरात शिजवावे, दुसऱ्या सकाळी तेवढ्याच मिश्रणाचे दोन पातळ पोळे करावेत. तेल दोन्ही वेळा तेवढेच, चमच्याने मोजून, आणि भाजी तीच. जाड थर तेवढ्या तेलात न करपता वरपर्यंत शिजला, मऊ राहिला आणि तेवढीच भाजी पोटात घेऊन दुमडला गेला, तर या प्रस्तावनेतला मुख्य मुद्दा चुकीचा ठरला असे समजावे आणि पुढची पाने उलटण्याचे कष्ट घेऊ नयेत. तसे झाले नाही, तर पहिल्या प्रकरणातल्या साध्या पोळ्यापासून सुरुवात करावी आणि हात बसेपर्यंत दुसऱ्या प्रकरणाकडे वळू नये.